दहा नंबरचे लिव्हर

सरकारी दवाखान्यातली सिस्टर खेकसते, विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर देत नाही, सलाईन संपत आले म्हणून सांगायला जावे तर मान वर करून पाहतही नाही, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली असते. बहुतेकांनी ती केलेलीही असते. तिचे कारणही आपल्याकडे तयार असते. कोणी म्हणतो स्वभावच तसा, कोणी म्हणतो पूर्वीचा सेवाभाव आता राहिला नाही. त्या तक्रारीचा निवाडा करण्याचा आमचा विचार नाही. पण रुग्णाजवळ दिवसरात्र असणाऱ्या माणसाचे मन का आटते, हा प्रश्न संशोधकांनी गंभीरपणे हाती घेतलेला आहे आणि त्याच्या उत्तराला मोठा इतिहास आहे. तो शिक्षकांनी वाचावा असे आम्हाला दोन कारणांनी वाटते. एक, मनासारख्या निसटत्या गोष्टीचे मोजमाप कसे होऊ शकते हे त्यातून दिसते. दुसरे कारण पुढे ओघात येईलच.

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंपासून करावी लागते. त्यांच्या आधीच्या काळात इंग्लंडमध्ये पगारी परिचारिकेची प्रतिमा फार वाईट होती. चार्ल्स डिकन्सने १८४३-४४ च्या सुमारास आपल्या एका कादंबरीत रंगवलेली सेरी गँप ही दारुडी, बेफिकीर बाई म्हणजेच परिचारिका, असे लोक समजत. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून प्रशिक्षणशाळा निघाली, तेव्हा ही प्रतिमा पुसणे हेच पहिले काम होते. त्यामुळे उमेदवार मुलींबद्दल मेट्रनने ठेवायच्या नोंदींचे दोन भाग असत. एक कामातल्या कौशल्याचा आणि दुसरा वर्तनाचा. वर्तनाच्या भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा अशी सदरे होती. त्या काळात हे आवश्यक होते हे मान्यच करावे लागेल. चांगल्या घरच्या मुलींना या व्यवसायात येता आले ते त्यामुळेच.

मात्र त्यातून एक गोष्ट घडली. चांगली परिचारिका म्हणजे चांगल्या शीलाची बाई हे समीकरण एकदा बसले, की थकलेली, रडणारी, चिडणारी परिचारिका ही शीलाने कमी ठरते. मग तिच्या थकव्याचे कारण तिच्या बाहेर शोधण्याची गरजच उरत नाही.

याचा सगळा दोष नाइटिंगेल बाईंवर टाकणे अन्यायाचे होईल. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी असलेली एक छोटी संस्था त्यांनी हाती घेतली. त्या वेळी त्यांनी मागितलेल्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर आणण्यासाठी यांत्रिक पाळणा आणि कोणत्या रुग्णाने बोलावले हे कळेल अशी घंटांची व्यवस्था. परिचारिकेला आपला मजला सोडून जिने चढ-उतार करावे लागू नयेत, नाहीतर ती म्हणजे नुसते दोन पाय उरतात, असे त्यांचे म्हणणे होते. काम कसे रचले आहे यावर काम करणाराचे बळ अवलंबून असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या अनुयायांनी शील तेवढे उचलले आणि नळ विसरले, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

शिवाय पैशाचा भाग होताच. शिकाऊ मुलगी हीच रुग्णालयाची सर्वांत स्वस्त कामगार होती. १८९० साली नेमलेल्या ब्रिटिश लॉर्ड्स सभेच्या समितीपुढे लंडनच्या रुग्णालयांतील लांबलचक कामाच्या तासांच्या तक्रारी आल्या. १९३२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने परिचारिका पुरेशा का मिळत नाहीत याचा शोध घेतला. १९४७ च्या वुड समितीने शिकाऊ मुली प्रशिक्षण अर्धवट का सोडतात हे तपासले आणि रुग्णालयातील कडक शिस्त व वरिष्ठांची वागणूक यांच्याकडे बोट दाखवले. अहवाल येत गेले, मुली जात राहिल्या.

येथे आपल्या कथेत इझाबेल मेंझीस येतात. मेंझीस या १९१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मल्या. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र व मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे त्या मनोविश्लेषक झाल्या. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमध्ये त्या काम करत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाने या संस्थेकडे मदत मागितली. रुग्णालयाची अडचण वरवर पाहता वेळापत्रकाची होती. शिकाऊ परिचारिकांना कोणत्या वॉर्डात किती दिवस पाठवायचे? वॉर्डांना हात हवे होते आणि मुलींना शिक्षण हवे होते. दोन्हींचा मेळ बसेना आणि सारी व्यवस्था कोसळते की काय, अशी वरिष्ठांना भीती वाटू लागली होती.

रुग्णालयात सुमारे ७०० परिचारिका होत्या. त्यांतल्या पूर्ण प्रशिक्षित साधारण १५०, बाकीच्या शिकाऊ. मेंझीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ७० परिचारिकांशी एकेकट्याने किंवा लहान गटांत सविस्तर बोलणी केली, डॉक्टरांशी बोलले, वॉर्डांत बसून निरीक्षण केले. त्यांना दिसले ते असे. सुमारे एक तृतीयांश शिकाऊ मुली प्रशिक्षण पुरे करत नव्हत्या. परीक्षेत नापास झाल्या म्हणून नव्हे, बहुतेकींनी स्वतः होऊन सोडले होते. वरिष्ठ परिचारिकाही इतर व्यवसायांतील त्यांच्या तोलाच्या लोकांपेक्षा जास्त वेळा नोकऱ्या बदलत होत्या. किरकोळ आजारासाठी दोन-चार दिवसांच्या रजा फार होत्या.

मेंझीस यांनी एक साधा प्रश्न विचारला. परिचारिकेचे काम मुळात असते काय? परक्या माणसाचे उघडे शरीर हाताळणे, घाण काढणे, वेदना पाहणे, मरण पाहणे. त्यातून दया येते, किळस येते, राग येतो, रागाबद्दल पुन्हा अपराधी वाटते. रुग्ण कृतज्ञ असतो आणि आपल्याला असे परावलंबी व्हावे लागले म्हणून चिडलेलाही असतो. नातेवाईक आपली सारी धास्ती तिच्यावर ओततात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने हे पेलायचे असते. म्हणजे चिंता या कामातच आहे. रुग्णालय या चिंतेचे काय करते, हे त्या पाहू लागल्या.

उत्तर चमत्कारिक निघाले. रुग्णालयाने कोणीही न ठरवता एक संरक्षक भिंत बांधली होती आणि ती भिंत म्हणजे रोजची कामाची पद्धतच होती.

वॉर्डात एका परिचारिकेकडे चार रुग्ण, असे काम वाटलेले नसे. कामांची यादी असे. एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, एकीने सगळ्यांच्या खाटा लावायच्या, एकीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचे. तीस रुग्णांसाठी प्रत्येकी थोडे थोडे. त्यामुळे कोणत्याही एका माणसाजवळ फार वेळ थांबावे लागत नसे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने आणि रोगाने होई. 'दहा नंबरचे लिव्हर', 'पंधरा नंबरचा न्यूमोनिया'. (आपल्याकडच्या वॉर्डात वावरलेल्या कोणालाही हे शब्द परके वाटणार नाहीत.) शिकाऊ मुलींच्या बदल्या वारंवार आणि अचानक होत. एखाद्या रुग्णाशी माया जडेपर्यंत वॉर्ड बदललेला असे. चांगल्या परिचारिकेला कुठेही पाठवले तरी चालते, तिने 'गुंतू नये', असे मानले जाई.

दुसरा भाग निर्णयांचा. निर्णय म्हटला की चुकीची भीती आली. म्हणून प्रत्येक काम कसे व कधी करायचे याचा कडक विधी ठरलेला. गाढ झोपलेल्या रुग्णालाही ठरल्या वेळी उठवायचे, कारण यादीत तसे आहे. त्याला झोपेची गरज आहे हे सगळ्यांना दिसत असले तरी. जिथे थोडाफार निर्णय घ्यावाच लागे, तिथे तो एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला विचारून पक्का करायचा. जबाबदारी हळूहळू वर सरकत जाई आणि नेमकी कोणाची हे कळेनासे होई. याच्या जोडीला एक विचित्र वाटणी झालेली होती. वरिष्ठ सगळ्या कडक आणि जबाबदार, कनिष्ठ सगळ्या बेजबाबदार, असे दोन्ही बाजू एकमेकींबद्दल बोलत. आपल्यातली बेफिकिरी आणि आपल्यातला कठोरपणा, दोन्ही दुसऱ्याच्या खाती टाकण्याची ती सोय होती, असे मेंझीस यांचे निदान आहे.

आता मुख्य मुद्दा. या भिंतीने चिंता कमी झाली का? मेंझीस म्हणतात, नाही. उलट वाढली. रुग्णाला बरे होताना पाहण्याचे जे समाधान या कामात आहे, तेही भिंतीच्या पलीकडेच राहिले. बरा होऊन घरी गेलेला माणूस कोणा एकीचा नव्हताच. जिच्या हातात अक्कल आणि कौशल्य होते तिला ते वापरू दिले जात नव्हते, आणि सोडून जाणाऱ्यांत अधिक समजदार, अधिक कुवतीच्या मुली पुष्कळ होत्या. 'परिचारिका जन्मावी लागते, घडवता येत नाही' ही समजूतही अशीच एक भिंत होती. ती मानली की मुलींना आधार देऊन घडवण्याची जबाबदारी संपते.

हा अभ्यास १९६० साली 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोषांबद्दलही बोलायला हवे. हे एकाच रुग्णालयाचे चित्र होते. तुलनेसाठी दुसरे रुग्णालय नव्हते. मेंझीस यांचा सिद्धांत मेलनी क्लाइन यांच्या मनोविश्लेषणावर उभा होता आणि 'नकळत बांधलेली भिंत' खरी की खोटी हे ठरवण्याचा प्रयोग करणे अवघड आहे. विज्ञान शिकवणाराने ही शंका घ्यायलाच हवी. तरीही थकवा माणसात शोधू नका, कामाच्या रचनेत शोधा, असे इतक्या स्पष्टपणे सांगणारे हे लिखाण अजून वाचले जाते, आणि ते वाचण्यासारखे आहे असे आमचे मत आहे.

पाठोपाठ मोजणी करणारा माणूस आला. रेजिनाल्ड रेव्हन्स मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम केलेले, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये लांब उडी मारलेले आणि नंतर कोळसा खाणींच्या कामात शिरलेले. खाणींतून ते रुग्णालयांकडे वळले. १९६४ साली त्यांनी लँकेशायर भागातील रुग्णालयांच्या अभ्यासावर पुस्तक लिहिले. जिथे शिकाऊ परिचारिका टिकत होत्या, तिथे रुग्णही लवकर बरे होऊन घरी जात होते. जिथे मुली सोडून जात, तिथे रुग्णांचा मुक्कामही लांबत होता. दोन्हींच्या मुळाशी रेव्हन्स यांना दिसली ती वरिष्ठांची वृत्ती. वॉर्डच्या सिस्टरला प्रश्न विचारता येतो की नाही, ही ती गोष्ट. प्रश्न विचारायला भीती वाटते तिथे माहिती वर जात नाही, आणि चुका तशाच राहतात. शाळेतल्या वर्गाबद्दलही हे खरे असावे.

भिंत पाडून पाहण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६९ च्या सुमारास मारी मँथी व सहकाऱ्यांनी 'प्राथमिक शुश्रूषा' पद्धत सुरू केली. यात रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्या शुश्रूषेची आखणी एकाच परिचारिकेकडे असे. मेंझीस स्वतः पुढे लंडनजवळच्या स्टॅनमोर येथील हाडांच्या रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात काम करत होत्या. महिनोन्‌महिने रुग्णालयात राहणाऱ्या बाळांना दिवसातून किती अनोळखी हात हाताळतात, हा तिथला प्रश्न होता. तिथेही उपाय तोच निघाला. मूल एका ठराविक व्यक्तीकडे सोपवायचे, आणि त्या व्यक्तीला बोलायला, सावरायला जागा द्यायची. दुसरा भाग विसरला तर पहिला भाग क्रूर ठरतो, एवढे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

दरम्यान अमेरिकेत एक नवा शब्द रूढ होत होता. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे जर्मनीतून नाझींच्या छळामुळे लहानपणीच पळून आलेले मानसशास्त्रज्ञ. ते न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात विनामूल्य काम करत. उमेदीने आलेले कार्यकर्ते काही काळाने कसे रिकामे होतात, चिडतात, अडून बसतात, हे त्यांनी पाहिले, स्वतःतही अनुभवले, आणि १९७४ साली त्यावर लेख लिहिला. त्या अवस्थेला त्यांनी 'बर्नआउट' म्हटले. मराठीत 'जळून विझणे' म्हणता येईल. जी चूल कधी पेटलीच नाही ती विझतही नाही. म्हणूनच हा त्रास कामचुकारांना न होता जीव ओतणाऱ्यांना होतो, हे या शब्दात नेमके आले आहे.

कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मास्लाक यांनी याला मोजपट्टी दिली. सुसान जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी १९८१ साली २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानासारखे आपल्याला किती वेळा वाटते, हे 'कधीच नाही' साठी ० पासून 'रोज' साठी ६ पर्यंत आकड्याने सांगायचे. त्यातून तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. पहिली भावनिक थकवा. दुसरी समोरच्या माणसाला माणूस न मानता वस्तू मानणे. तिसरी आपल्या हातून काही चांगले घडते ही भावना कमी होणे. दुसरी गोष्ट पाहा. 'दहा नंबरचे लिव्हर' हेच ते. मेंझीस यांनी जे रुग्णालयाच्या पद्धतीत पाहिले, ते मास्लाक यांनी एकेका माणसाच्या मनात मोजले. रुग्णालय आधी हे शिकवते आणि मग परिचारिकेत ते सापडले की तिला आजारी ठरवते, असा काहीसा हा प्रकार आहे.

येथे आमचे दुसरे कारण येते. १९८६ साली याच प्रश्नावलीची शिक्षकांसाठी आवृत्ती निघाली. विधाने बहुतेक तीच, फक्त सेवा घेणाऱ्याच्या जागी 'विद्यार्थी' आला. वर्गात पाठीमागच्या बाकावरच्या मुलाचे नाव आठवेनासे होते आणि 'तो नापास ग्रुप' असा शब्द तोंडात येतो, तेव्हा आपण मास्लाक यांच्या दुसऱ्या गोष्टीच्या जवळ असतो.

याच सुमारास, १९८३ साली, समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी डेल्टा विमान कंपनीच्या हवाई सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. हसरा चेहरा ठेवणे हेही श्रमच आहेत, त्याला कष्ट पडतात आणि त्याचा पगार धरला जात नाही. पॅम स्मिथ यांनी ही कल्पना इंग्लंडमधील शिकाऊ परिचारिकांना लावली आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिले. 'बायकांना हे जात्याच जमते' असे एकदा म्हटले की ते काम कामात धरलेच जात नाही. पाहुण्यांसमोर हसतमुख राहण्याचे कष्ट घरात कोणी मोजत नाही, तसेच हे.

पण बर्नआउट या शब्दाने एक उलटा परिणामही केला. पुन्हा लक्ष एकट्या माणसाकडे गेले. ताण आहे ना, मग ताण सोसायला शिका. शिबिरे निघाली, श्वसनाचे व्यायाम आले. त्यांनी बरे वाटत असेल तर जरूर करावेत. मात्र एका वॉर्डात रात्रभर एकटीने राबणाऱ्या बाईला दीर्घ श्वास घ्यायला सांगणे म्हणजे तिच्या कपाळावर घाम आला म्हणून रुमाल देण्यासारखे आहे. तिच्या डोक्यावरचे ओझे किती, हा प्रश्न तसाच राहतो.

ते ओझे मोजले लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा २००२ सालचा शोधनिबंध या विषयातला बहुधा सर्वांत जास्त उद्धृत होणारा असेल. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण. परिचारिकांना विचारले, तुमच्याकडे एका पाळीत किती रुग्ण असतात? त्यांचा थकवा मास्लाक यांच्या प्रश्नावलीने मोजला. रुग्ण तीस दिवसांत दगावला की नाही हे नोंदींवरून घेतले. एकूण ४,५३५ रुग्ण दगावले होते, म्हणजे शेकडा सुमारे २. रुग्णांचे वय, आजार, रुग्णालयाचा आकार यांचा हिशेब वजा केल्यावर निष्कर्ष असा निघाला. दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की परिचारिका विझण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, कामाबद्दल असमाधानाची १५ टक्क्यांनी, आणि रुग्ण दगावण्याची ७ टक्क्यांनी.

हा ७ चा आकडा वर्गात गणितासाठी वापरण्यासारखा आहे. चाराऐवजी आठ रुग्ण दिले तर वाढ किती? मुले म्हणतील ७ गुणिले ४, २८ टक्के. पण ही चक्रवाढ आहे. १.०७ चा चौथा घात सुमारे १.३१ येतो, म्हणजे ३१ टक्के. चक्रवाढ व्याज आपण सावकाराच्या उदाहरणाने शिकवतो, ते रुग्णालयातही असते.

असे का व्हावे? त्याचे कारण डॉक्टर रुग्णाजवळ दिवसातून काही मिनिटे असतो आणि परिचारिका पाळीभर असते, हे आहे. शस्त्रक्रियेनंतर आत रक्तस्राव सुरू झाला, जंतुसंसर्ग पसरू लागला, तर आधी खुणा बारीक असतात. नाडी थोडी जलद, चेहरा थोडा फिकट, बोलणे थोडे असंबद्ध. हे टिपायला कोणीतरी त्या माणसाकडे पाहत असावे लागते, आणि काल तो कसा दिसत होता हे तिला आठवावे लागते. मन आटलेली परिचारिका पाहते, पण तिला दिसत नाही. थकव्याचा प्रश्न सौजन्याच्या पलीकडचा आहे तो इथे.

शंकेखोर वाचक म्हणेल, याला पुरावा म्हणता येईल का? गरीब रुग्णालयांत परिचारिका कमी असतात आणि यंत्रेही जुनी असतात, मग मरण कशामुळे? शंका रास्त आहे. एकाच वेळी घेतलेल्या मोजणीतून कारण आणि सोबत यांतला फरक ठरत नाही. त्यासाठी काहीतरी बदलून पाहावे लागते. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून २००४ पासून परिचारिकेमागे रुग्णांची कमाल संख्या ठरवली. सर्वसाधारण वॉर्डात आधी सहा, २००५ पासून पाच. पण जास्त नेमका पुरावा आला तो ऑस्ट्रेलियातून. क्वीन्सलंड राज्याने २०१६ साली २७ सरकारी रुग्णालयांत मर्यादा घातली. वॉर्डात दिवसपाळीला सरासरीने परिचारिकेमागे चार रुग्ण, रात्रपाळीला सात. उरलेल्यांपैकी २८ रुग्णालये तुलनेसाठी होती. मॅथ्यू मॅकह्यू, एकेन व सहकाऱ्यांनी आधीची आणि नंतरची स्थिती तपासून २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष दिले. मर्यादा घातलेल्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण घटले, तुलनेच्या रुग्णालयांत लक्षणीय फरक पडला नाही. रुग्णांचा मुक्काम कमी झाला, पुन्हा दाखल होणे कमी झाले, आणि त्यातून वाचलेला पैसा जादा परिचारिकांच्या पगाराच्या सुमारे दुप्पट भरला. नाइटिंगेल बाईंना हा ताळेबंद फार आवडला असता.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला दीर्घ ताण त्याच्या मुळाशी असतो, असे म्हटले. म्हणजे मेंझीस यांनी जिथे बोट ठेवले होते तिथेच साठ वर्षांनी पुन्हा यावे लागले.

आता आपल्याकडे. आपली रुग्णालये, त्यांतली मेट्रन, सिस्टर, स्टाफ नर्स ही उतरंड आणि कामाची यादी वाटण्याची पद्धत, सारे इंग्लंडकडूनच आले. महाराष्ट्र सरकारने त्यांना अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशी नावे दिली, उतरंड तीच राहिली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने मोजले तेव्हा साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. ४३,००० लोकांमागे एक. तेव्हापासून संख्या पुष्कळ वाढली. १९८७ साली केंद्र सरकारने सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचारिकांच्या प्रश्नांसाठी उच्चाधिकार समिती नेमली. तिने आठवड्याला ४० तासांचे काम सुचवले. सकाळी चार तास आणि पुन्हा संध्याकाळी चार तास अशी तुकड्यांची पाळी बंद करून सलग पाळी द्यावी, असे सांगितले. साठ्याच्या नोंदी ठेवणे, सामान मोजणे अशी शुश्रूषेबाहेरची कामे परिचारिकेकडून काढून घ्यावीत, हेही सांगितले. शाळेतल्या गुरुजींना जनगणना आणि मतदार याद्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही.

परिचारिकांच्या संख्येबद्दल भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक. क्वीन्सलंडच्या एकास चारच्या शेजारी हा एकास तीन ठेवून पाहिला तर आपण पुढे आहोत असे वाटेल. म्हणून हा हिशेब नीट करून पाहायला हवा. तीस खाटांचा वॉर्ड घ्या. एकास तीन म्हणजे दहा परिचारिका. पण दिवसाच्या पाळ्या तीन. म्हणजे एका पाळीला तीन किंवा चार. परिषदेच्या तक्त्यातच हे उलगडून दिलेले असते. एकास तीन म्हणजे प्रत्येक पाळीत एकास नऊ. एकास पाच म्हणजे प्रत्येक पाळीत एकास पंधरा. क्वीन्सलंडचा चार हा आकडा एका पाळीचा आहे, आपला तीन हा चोवीस तासांचा. पेन्सिल्व्हेनियाच्या अभ्यासात सर्वांत वाईट बाजूला धरलेला आकडा आठ होता.

साप्ताहिक सुट्टी, आजारपण, बाळंतपणाची रजा यांसाठी परिषदेने याखेरीज ३० टक्के जादा पदे धरायला सांगितली आहेत. ती मंजूर झाली नाहीत, किंवा मंजूर होऊन भरली गेली नाहीत, तर रजेवर गेलेलीचे रुग्ण उरलेल्यांत वाटले जातात आणि नवाचे बारा, पंधराचे वीस होतात. शिवाय हे सारे निकष खाटांवर बेतलेले आहेत. खाटा भरल्यावर खाली जमिनीवर अंथरलेल्या गादीवरचा रुग्ण त्यांत मोजलेला नसतो.